बॅटरी खरंच गेली का? मल्टिमीटर हातात घेऊन करायची तपासणी

सकाळी चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, पण सेल्फ मारल्यावर नुसतं "टक" झालं आणि इंजिन हललंच नाही. सोसायटीत अशा वेळी दोन-चार जण जमतात आणि निकाल लगेच लागतो : बॅटरी गेली. फोन केला की बॅटरीवाला दुचाकीवर नवी बॅटरी ठेवूनच येतो. अर्ध्या तासात जुनी त्याच्याकडे, नवी गाडीत, आणि चार-सहा हजार रुपये खर्च. यात मला खटकतं ते एवढंच, की मधे कुणी काही मोजलेलंच नसतं. पंधरा-वीस दिवस गाडी जागेवर उभी राहिली, डिकी नीट न लागल्यामुळे आतला दिवा रात्रभर जळला, टर्मिनल ढिलं झालं, अशा कारणांनी चांगली बॅटरी उतरते आणि गेली म्हणून बदलली जाते. उलटंही होतं. मीटरवर छान १२.६ व्होल्ट दिसले म्हणून माणूस निर्धास्त गावाला निघतो आणि वाटेत जेवायला थांबल्यावर गाडी परत सुरूच होत नाही.

दोन्हीकडे घोटाळा एकाच गोष्टीचा आहे. बॅटरीत आत्ता चार्ज किती आहे हा एक प्रश्न, आणि बॅटरीची तब्येत कशी आहे हा दुसरा. गच्चीवरच्या टाकीत अर्ध्यापर्यंत गाळ साचला तरी वरून बघताना टाकी काठोकाठ भरलेलीच दिसते. पाणी किती आहे ते नळ सोडल्यावर कळतं. बॅटरीचंही तसंच आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका : आधी डोळ्यांनी बघायचं, मग मोजायचं, मग पूर्ण चार्ज करायचं, आणि त्यानंतरच जोर लावून तब्येत बघायची.

सामान आणि काळजी

एक डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट मोजायचं छोटं यंत्र, लागेल. इलेक्ट्रिकच्या दुकानात पिवळा डीटी ८३० डी दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि या कामाला पुरतो. सोबत जुना टूथब्रश, १० नंबरचा पाना (बऱ्याच गाड्यांच्या टर्मिनलला तोच लागतो), रबरी हातमोजे आणि साधा का होईना पण चष्मा.

चष्म्याचं मनावर घ्या. बॅटरीत सल्फ्युरिक अॅसिड असतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. बोनेटखाली वाकताना सिगारेट, काडी, लायटर काही नको. हातातलं कडं, अंगठी, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा, कारण पाना किंवा कडं दोन्ही टर्मिनलना एकदम टेकलं तर क्षणात लाल होतं. टर्मिनल सोडवायची वेळ आली तर आधी काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, आणि जोडताना ती सर्वांत शेवटी. असं केलं की लाल टर्मिनल सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

आपल्याकडच्या दोन जुन्या सवयी मात्र कायमच्या सोडून द्या. वायरची टोकं एकमेकांवर घासून ठिणगी किती मोठी पडते यावरून बॅटरीचा जोर ठरवायचा नाही. आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून "डायनामो चार्ज करतोय का" हे बघायचं नाही. बिनसंगणकाच्या जुन्या गाड्यांमध्ये हे खपून जायचं. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळून ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, जळू शकतो, आणि तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतो.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर तिच्यातही दिवे, लॉक, संगणक यांच्यासाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. पहिल्या दोन पायऱ्या तिला लागू पडतात, सेल्फची चाचणी लागू नाही. मुख्य बॅटरीच्या, जास्त व्होल्टेजच्या नारिंगी रंगाच्या केबलला अजिबात हात लावायचा नाही.

१. आधी नुसतं बघा

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली दिसली की तिथे विजेची वाट अडते. काळी वायर काढा, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने घासा, पुसून पूर्ण कोरडं करा, वायरी परत घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये.

क्लॅम्प, म्हणजे टर्मिनलवर आवळलेली वायरची पकड, हाताने फिरवून बघा. हाताने हलतो म्हणजे ढिला आहे. मग पेटीकडे बघा : बाजू फुगल्यात का, कुठे तडा किंवा ओल आहे का, कुजक्या अंड्यासारखा वास येतो का? यातलं काहीही असेल तर पुढची तपासणी करू नका. ती बॅटरी बदलायचीच.

वर झाकणं असलेली बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा. प्लेटा उघड्या पडलेल्या दिसल्या तर त्या बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर टाका, नळाचं किंवा आरओचं नको, आणि अॅसिड तर कधीच नको. वरच्या खुणेपर्यंत मात्र चार्जिंग झाल्यावर भरा, कारण चार्ज होताना पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरलं तर अॅसिड बाहेर येतं.

काही सीलबंद बॅटऱ्यांवर छोटा गोल डोळा असतो. हिरवा म्हणजे चार्ज आहे, काळा म्हणजे उतरली आहे, पारदर्शक किंवा पिवळसर म्हणजे पाणी आटलं आहे. पण बॅटरीत सहा सेल, म्हणजे कप्पे, असतात आणि तो डोळा त्यांपैकी एकाचंच सांगतो. बाकीच्या पाचांतला एखादा मेलेला असला तरी तो हिरवाच राहील.

२. विसावलेल्या बॅटरीचा व्होल्टेज

गाडी बंद करून किमान सहा-आठ तास, शक्यतो रात्रभर जाऊ द्या. नुकतीच चालवलेली गाडी मोजली तर वरवरच्या चार्जमुळे आकडा फुगून येतो. अगदी घाई असेल तर हेडलाइट दोनेक मिनिटं लावा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग मोजा.

मीटरचा खटका डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर आणा. काळी पिन 'कॉम' लिहिलेल्या भोकात, लाल पिन व्होल्टच्या भोकात. टोकं टेकवायची ती बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर, वरच्या क्लॅम्पवर नाही. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

साध्या लेड-अॅसिड बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येकाचा व्होल्टेज साधारण २.१. त्यामुळे १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ ला अंदाजे तीन चतुर्थांश, १२.२ ला निम्मी, १२.० ला पाव, आणि ११.९ च्या खाली रिकामीच समजा. 'स्टार्ट-स्टॉप'वाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाड्यांतली एजीएम, म्हणजे काचतंतूंच्या चटईत द्रव मुरवलेली बॅटरी भरलेली असताना १२.८ च्या वर दाखवते, तेव्हा तिथे १२.६ दिसले तर ती थोडी उतरलेली आहे.

एक आकडा लक्षात ठेवा : १०.५ च्या आसपास. चार्जिंग करूनही मीटर तिथेच अडून राहिला तर बहुधा एक सेल गेला आहे, आणि तो दुरुस्त होत नाही.

बाकी कुठलाही आकडा आला तरी निकाल अजून द्यायचा नाही. १२.१ वाचून बॅटरी खराब म्हणता येत नाही, आणि १२.६ वाचून चांगलीही म्हणता येत नाही.

३. पूर्ण चार्ज करा

ही पायरी सगळे गाळतात, आणि चांगल्या बॅटऱ्या इथेच बदलल्या जातात. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली कुठलीही ताकदीची चाचणी नापासच होणार.

धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावून गाडी सुरू केली आणि बाजारापर्यंत फेरी मारून आलात, एवढ्याने बॅटरी भरत नाही. घरी चार्जर असेल तर तो लावा, नसेल तर बॅटरीच्या दुकानात नेऊन रात्रभर चार्जिंगला ठेवा. अंदाज असा : बॅटरी जितक्या अँपिअर-अवरची (एएच), त्याच्या एक दशांश अँपिअरने, सावकाश. ३५ एएचची बॅटरी साडेतीन अँपिअरवर पूर्ण भरायला दहा-बारा तास घेते. घरी चार्ज करताना जागा हवेशीर हवी, आणि चिमटे लावायच्या-काढायच्या वेळी चार्जर बंद. बॅटरी काढल्यावर घड्याळ, रेडिओची सेटिंग, काही गाड्यांत काचेची ऑटो सोय पुन्हा बसवावी लागते. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधीच शोधून ठेवा.

चार्जिंगनंतर बॅटरी वायरी न जोडता रात्रभर ठेवा आणि पुन्हा मोजा. १२.६ च्या आसपास टिकली तर पुढे चला. काहीही जोडलेलं नसताना दिवसभरात १२.३ पर्यंत आली, तर ती आतल्या आत उतरते आहे. अशा बॅटरीवर आणखी कष्ट घेऊ नका.

उतरलेली बॅटरी मात्र तशीच महिनाभर पडू देऊ नका. प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग चार्जर लावूनही ते पूर्ण निघत नाही. नुसती उतरलेली बॅटरी खरोखर मरते ती अशी.

४. सेल्फ मारताना काय होतं

खरी परीक्षा ही. स्टार्टर मोटर बॅटरीकडून शंभराहून अधिक अँपिअर ओढते, डिझेल गाडीत त्याहून बरेच जास्त. एवढा ओढा बसल्यावर व्होल्टेज किती खाली जातो, यावर बॅटरीची तब्येत कळते.

एकाने आत बसून सेल्फ मारायचा, दुसऱ्याने टोकं खुंटांवर दाबून धरायची. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि मीटरच्या वायरी व ओढणी-बाह्या इंजिनच्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. इंजिन चटकन सुरू होतं आणि स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, म्हणून मोबाइलवर मीटरच्या पडद्याचा व्हिडिओ घ्या आणि नंतर सावकाश बघा. गाडी थंड असताना, सकाळची पहिली सुरुवात मोजा.

मोटर फिरत असताना १० च्या वर राहिला तर बॅटरी धडधाकट आहे. ९.६ ते १० च्या मधे असेल तर अजून चालेल, पण महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. ९.६ च्या खाली गेला आणि बॅटरी पूर्ण चार्ज होती, टर्मिनल साफ होती, तर ती थकली आहे. ९.६ हा आकडा साधारण २१ अंश तापमानाचा आहे. महाबळेश्वर किंवा निफाडकडच्या थंडीच्या पहाटे एक-दोन दशांश कमी आले तर सोडून द्या. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात मात्र अशी सूट नाही. उन्हात बॅटरीला जोर जास्त मिळतो, तिथे ९.६ वर टेकणारी बॅटरी डिसेंबरात दगा देईल. उन्हाळा बॅटरीचं आयुष्य खातो आणि ते दिसतं थंडीत, म्हणून विदर्भातल्या वाचकांनी ही चाचणी दिवाळीच्या आधी करावी असं मला कळकळीने वाटतं.

आता खुंट आणि क्लॅम्पचा फरक. खुंटांवर १०.८ दिसतात पण तेवढ्यातच क्लॅम्पवर मोजले तर ९ भरतात, असं झालं तर बॅटरी चांगली आहे आणि जोड खराब आहे. थेटही मोजता येतं : एक टोक लाल खुंटावर, दुसरं त्याच लाल क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या वर काही आलं तर क्लॅम्प काढून घासायला हवा. तसंच निगेटिव्ह खुंट आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यात सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर अर्थिंगची वायर गंजली आहे. कोकणात, समुद्राकाठच्या हवेत हे फार दिसतं, आणि शे-दोनशे रुपयांच्या वायरीने भागतं.

आवाजाकडेही लक्ष द्या. "टिकटिकटिकटिक" अशी भराभर टिकटिक आणि दिवे मंद होणं म्हणजे ताकद पुरत नाही : बॅटरी किंवा जोड. एकच जोरदार "टक", दिवे लख्ख, आणि जंपर लावूनही तेच, तर स्टार्टर मोटर किंवा तिचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला वीज जोडणारा खटका, बघायला हवा. नवी बॅटरी टाकून तो दोष जाणार नाही.

मदतीला कुणी नसेल तर एक ढोबळ चाचणी एकट्याने होते, पण फक्त साध्या हॅलोजन बल्बच्या हेडलाइटवर, एलईडीवर नाही. इंजिन बंद ठेवून हेडलाइट दहा मिनिटं लावा आणि मीटरकडे बघा. भरलेली, निरोगी बॅटरी १२ च्या वर तग धरते. आकडा थांबायचं नाव न घेता ११.५ कडे निघाला तर आत साठवायची जागाच उरलेली नाही.

५. इंजिन चालू असताना

खुंटांवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. मग एसीचा ब्लोअर पूर्ण, हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर, सगळं लावा आणि अॅक्सिलरेटर जरा दाबा; १३.२ च्या वर राहिलं तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा आपला 'डायनामो', ठीक. इंजिन चालू असून १२.५ आणि हळूहळू खालीच येत असेल तर बॅटरी भरलीच जात नाही. १५ च्या वर टिकून राहिलं तर अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरीचं पाणी उकळून टाकतो आहे. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही फार टिकणार नाही. नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरला मधेमधे विसावा देतो, त्यामुळे आकडा वरखाली होताना दिसला तर लगेच दचकू नका. दहा-पंधरा मिनिटं बघून ठरवा.

६. झाकणवाल्या बॅटरीसाठी हायड्रोमीटर

हायड्रोमीटर म्हणजे बॅटरीतला द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते मोजणारं साधन : काचेची नळी, रबरी फुगा आणि आत तरंगणारा काटा. दर सेलमधून द्रव एक-दोनदा वर-खाली करून मग डोळ्यांच्या रेषेत धरून वाचा आणि त्याच सेलमध्ये परत सोडा. भरलेल्या सेलला १.२६५ ते १.२८० येतं, आपल्या उष्ण हवेसाठी काही बॅटऱ्यांत अॅसिड पातळ भरतात, तिथे १.२४० सुद्धा पूर्ण चार्ज असतो, म्हणून लेबल वाचा. मुळात बघायचा तो सेलांमधला फरक. पाच सेल १.२५० च्या आसपास आणि एक १.१९०, तर तो सेल गेला. ०.०५० किंवा त्याहून जास्त तफावत चार्जिंगनंतरही राहिली तर बॅटरी बदला. नुकतंच पाणी टाकलं असेल तर हे मोजू नका, ते आधी चार्जिंगमध्ये मिसळायला हवं.

७. सगळं चांगलं, तरी दर आठवड्याला उतरते

मग गाडीतलं काहीतरी गुपचूप वीज खातं आहे. हे मोजण्यासाठी बॅटरीची काळी वायर सोडवून मीटर मधे जोडायचा, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून. स्वस्त मीटरच्या त्या भोकाशी बारीक अक्षरांत फ्यूज नसल्याचं छापलेलं असतं, म्हणून या जोडणीत सेल्फ मारणं, हेडलाइट लावणं सक्त मना. काम झाल्यावर पिन आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला. पिन तिथेच राहिली आणि कुणी बॅटरीचा व्होल्टेज मोजायला गेला तर सरळ शॉर्ट होतो.

दारं लावून, चावी लांब ठेवून अर्धा तास थांबा, कारण गाडीतले संगणक झोपायला वेळ घेतात. त्यानंतर ०.०५ अँपिअर, म्हणजे ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. हे ५० सुद्धा दिवसाला १.२ एएच खातात, म्हणजे ३५ एएचची भरलेली बॅटरी पंधरवड्यात निम्मी. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा; ज्याने आकडा पडतो त्या वाटेवर चोर आहे. बहुतेकदा तो बाहेरून बसवलेला असतो : डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टम किंवा अॅम्प्लिफायर.

८. दुकानातला टेस्टर

बॅटरीच्या दुकानात हातात मावणारा डिजिटल टेस्टर असतो. तो लावायच्या आधी त्यात बॅटरीच्या लेबलवरचा सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फ मारण्याची क्षमता, भरावा लागतो. तो आकडा तुमच्या डोळ्यांसमोर भरायला सांगा. ३०० सीसीएच्या बॅटरीला ४५० भरले तर चांगली बॅटरीही खराब ठरते. छापील पट्टी निघत असेल तर ती मागून घ्या. आणि बॅटरी उतरलेली असताना आलेला 'बदला' हा निकाल मानू नका. चार्ज करून पुन्हा लावायला सांगा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

बदलायचीच ठरली तर

आपल्याकडे साधारण तीन ते पाच वर्षं बॅटरी टिकते. रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल तर कमी. वॉरंटी कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या पहिल्या काही महिन्यांत फुकट बदलून देतात आणि पुढच्या महिन्यांत वापरलेल्या काळानुसार सूट देतात.

नवी घेताना जुन्या बॅटरीवरचा कोड जुळवा. ३८ बी २० एल असा कोड असेल तर २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं एल किंवा आर टर्मिनलची बाजू सांगतं. ते चुकलं तर गाडीची वायर पोहोचत नाही, आणि ताणून पोहोचवली तर उलटी जोडली जाण्याची भीती. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत ईएफबी (साध्या बॅटरीचाच जास्त मजबूत प्रकार) किंवा एजीएम असेल तर स्वस्त साधी बॅटरी टाकू नका, ती लवकर मरते.

जुनी बॅटरी दुकानातच द्या आणि तिची किंमत बिलात वजा झाली आहे का बघा. बॅटऱ्या परत गोळा करून नीट पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारात गेलेली बॅटरी कुठेतरी फोडली जाते, अॅसिड गटारात आणि शिसं मातीत जातं, आणि ते तिथल्या पोरांच्या अंगात उतरतं.

नवी बसवली की त्याच दिवशी इंजिन चालू असतानाचा व्होल्टेज घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी विसावलेला आणि सेल्फ मारतानाचा. तिन्ही आकडे तारखेसकट कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून बॅटरीच्या बाजूला चिकटवा. पुढच्या वर्षी मोजाल तेव्हा तुलना तुमच्याच गाडीच्या आकड्यांशी करता येईल.